मोत्याची खोली

कुत्र्याशीं आमचा संबंध आयुष्यभर व्याकरणापुरताच होता. पाणिनीनें आपल्या एका सूत्रांत श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि प्रत्यक्ष देवेंद्र, या तिघांना एकाच माळेंत ओंवलें आहे. तीं रूपें शिकवितांना वर्गांतील मुलें हंसत आणि त्यांच्याबरोबर आम्हीही हंसत असूं. त्यापलीकडे कुत्र्याचा विचार करण्याचें कारण आम्हांस कधीं पडलें नाहीं. आमच्या घराण्यांत कोणीं कुत्रा पाळल्याचें ऐकिवांत नाहीं. सोंवळें-ओंवळें हें त्याचें एक कारण आणि जागा हें दुसरें. गिरगांवांतील चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आंत एक मोरी, पुढें सर्वांची मिळून एक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास. एवढ्या पसाऱ्यांत माणसांनींच एकमेकांना सांभाळून घ्यावें लागतें. तेथें चतुष्पादाला जागा कोठून असणार?

परंतु गेल्या वर्षीं ज्येष्ठांत आमची अकरा वर्षांची नात लालबागला आपल्या मामाकडे राहावयास गेली होती, ती परत आली ती ओढणीखालीं कांहीं तरी दडवूनच. तें सात आठवड्यांचें, अंगावर तांबूस आणि पोटाशीं पांढरें, असें गांवठी कुत्र्याचें पिलूं होतें. त्याची आई रस्त्यांत मोटारीखालीं सांपडली, भावंडें कोणीं कोणीं उचलून नेलीं आणि हें एकटें मामाच्या चाळीच्या जिन्याखालीं उरलें. "आजोबा, पाऊस लागला कीं तें कुठें जाईल?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र तेथल्या तेथें निकाल दिला, "देवघर आणि ओटा सोडून कुठेंही असूं दे, पण घाण केली तर मी काढणार नाहीं, आधींच सांगून ठेवतें."

पिलाचें नांव मोत्या ठेवण्यांत आलें. पहिल्या दिवशीं त्यानें घरांत नऊ वेळां घाण केली. आमच्या वहींत तशी नोंद आहे, कारण हजेरी मांडण्याची आमची संवय निवृत्तीनंतरही गेलेली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आठ, तिसऱ्या दिवशीं दहा. चाळींतील अनुभवी मंडळींनीं उपाय सांगितले. कोणी म्हणाले, त्याचें नाक त्या घाणींत घासा. कोणी म्हणाले, वर्तमानपत्राची सुरळी करून दोन फटके द्या. चौतीस वर्षें आम्हीं शाळेंत घालविलीं आहेत. छडी हातांतून सुटली, तरी हाताचें वळण सुटत नाहीं. चौथ्या दिवशीं आम्हीं सुरळी चालविली. तिचा परिणाम लगेच दिसला. मोत्यानें आमच्यादेखत घाण करणें सोडून दिलें आणि खाटेखालीं, ट्रंकेच्या मागें, जेथें आमचा हात पोंचत नाहीं अशा जागीं जाऊन तो करूं लागला. आम्ही जवळ गेलों कीं तो पोट जमिनीला टेकून थरथरे. त्याला गुन्हा कळला, अशी आम्हीं स्वतःची समजूत करून घेतली.

आठव्या दिवशीं सकाळीं शेजारच्या काकूंच्या तुळशीच्या कुंडीपाशीं, नुकत्याच काढलेल्या रांगोळीवर, मोत्यानें आपला कार्यभाग उरकला. काकू पंचाहत्तरीच्या आहेत आणि गेली पन्नास वर्षें त्या जागीं रोज रांगोळी घालीत आहेत. त्या ओरडल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या शाळेंत असलें चाललें असतें का?" त्या रात्रीं मजल्यावरील पांच-सहा गृहस्थ आमच्याकडे आले. भाषा सभ्य होती, परंतु निर्णय पक्का होता. नागपंचमीपर्यंत, म्हणजे सुमारें दीड महिना, वाट पाहूं. तोंवर सुधारणा न झाल्यास पिलाची दुसरीकडे सोय करावी. नात दाराआडून ऐकत होती. ती त्या रात्रीं जेवली नाहीं.

दादरला आमचे एक पुतणे वकिली करितात. त्यांनीं सांगितलें, "काका, अशी बंदी कोणाला घालतां येत नाहीं. पशु कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या सूचनाच आहेत कीं, बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्रा ठेवण्यास मनाई करतां येत नाहीं." तें ऐकून क्षणभर बरें वाटलें. परंतु ज्या काकूंनीं आमच्या मुलाच्या मुंजींत चार दिवस राबून हात दिला, त्यांना आम्ही कायद्याचें कलम दाखविणार काय? मोत्याचा हक्क कायद्यांत असेल. त्याची जागा मात्र शेजाऱ्यांच्या मनांतच मिळवावयास हवी होती, आणि ती आम्हांसच मिळवून द्यावयाची होती.

दुसऱ्या दिवशीं पिलाला घेऊन आम्ही परळला एका पशुवैद्य बाईंकडे गेलों. परळ हें मुंबईंतील मुक्या प्राण्यांचें जुनें माहेर आहे. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय तेथें एकोणिसाव्या शतकापासून उभें आहे. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथेंच १८८६ सालीं सुरू झालें. आणि जेथें पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस वर्षानुवर्षें तयार होत असे, ती हाफकिन संस्थाही १८९९ पासून परळलाच आहे. या सर्वांच्या आधींची हकीकत तर आमच्या गिरगांवाच्या उंबरठ्यावरची आहे. कंपनी सरकारनें भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याचा हुकूम काढला, तेव्हां ६ जून १८३२ रोजीं कोटांतील पारशी बांधव चिडून रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या धर्मांत कुत्रा पवित्र मानिलेला आहे. दुसऱ्या दिवशीं इतरही समाज त्यांना मिळाले आणि शहराचे व्यवहार थंडावले. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें भुलेश्वरास पांजरपोळ स्थापन झाली, ती आजही आहे. ज्या शहरानें कुत्र्यांसाठीं हरताळ पाडला, त्या शहरांत एका पिलाला तिसऱ्या मजल्यावर जागा मिळूं नये, ही गोष्ट मनाला लागली.

बाईंनीं आमची सर्व तक्रार शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "तुम्ही त्याला बाहेर किती वेळां नेतां?" आम्हीं सांगितलें, सकाळ-संध्याकाळ गॅलरींत सोडतों. त्या म्हणाल्या, "मग चूक त्याची कशी?"

नंतर त्यांनीं जें समजावून दिलें, तें आम्ही वाचकांसाठीं आमच्या शब्दांत देतों. नवजात पिलाला स्वतःहून मलमूत्र विसर्जन करतां येत नाहीं. आई चाटते तेव्हां तें होतें आणि तीच जागा स्वच्छ ठेवते. सुमारें तीन आठवड्यांनंतर पिलूं आपण होऊन झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन घाण करूं लागतें. म्हणजे निजण्याची जागा स्वच्छ ठेवावी ही बुद्धि त्याला निसर्गानेंच दिलेली आहे. मात्र 'निजण्याची जागा' म्हणजे त्याच्या लेखीं त्याचें अंथरूण. आपल्या दोन खोल्या त्याला अफाट मैदानासारख्या वाटतात. शिवाय मूत्राशयावर ताबा येण्यास काळ लागतो. पिलाचें वय जितक्या महिन्यांचें, त्यांत एक मिळवावा. तितके तास तें दिवसा फार तर दम धरूं शकेल, असा एक ठोकळ हिशेब आहे. मोत्या दोन महिन्यांचाही पुरता नव्हता, म्हणजे तीन तासांच्या आंतच त्याला जावें लागणार. उठल्याबरोबर, खेळ संपल्याबरोबर आणि खाल्ल्यावर पांच ते तीस मिनिटांत त्याला जावें लागतें, कारण पोटांत अन्न पडलें कीं आंतड्यांना चालना मिळते. जमीन हुंगणें, एकाच जागीं गोल फिरणें आणि खेळतां खेळतां एकाएकीं दूर जाणें, ह्या त्याच्या खुणा आहेत.

"आणि मारलें तर?" आम्हीं विचारलें. बाई म्हणाल्या, "घाण झाल्यावर मारलें तर त्याला घाणीचा नि माराचा संबंध कळत नाहीं. तुम्ही जवळ आलां कीं दुखतें, एवढेंच कळतें. तें थरथरतें तें भीतीनें. पश्चात्ताप वगैरे आपल्या मनांत असतो." आम्हीं मान खालीं घातली.

दुसरी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनीं बजावली. लशी पुऱ्या होईपर्यंत पिलाला रस्त्यावर सोडावयाचें नाहीं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवडे भरेपर्यंत पुढच्या, आणि रेबीजची तीन महिने पुरे झाल्यावर, असा क्रम सामान्यतः असतो. पार्व्हो नांवाच्या रोगाचे विषाणु मातींत महिनोन् महिने टिकतात आणि लहान पिलाला तो रोग बहुधा घेऊन जातो. त्यांत मुंबईचा पावसाळा. हिंदमात्यापाशीं पाणी तुंबतें, उंदरांचें मूत्र त्यांत मिसळतें आणि लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, माणसालाही होतो. तेव्हां पिलाची सोय घराजवळच करावी आणि जग दाखवावयाचें तें उचलून घेऊन दाखवावें. दाखवावयाचें मात्र जरूर. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या दोघां संशोधकांनीं अनेक वर्षें पिलांचा अभ्यास करून १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलूं ज्या माणसांना व गोष्टींना सरावतें, त्यांचें भय त्याला पुढें सहसा वाटत नाहीं.

घरीं येऊन आम्हीं वहींत नवें वेळापत्रक आंखलें. गॅलरीच्या टोकाला, संडासाच्या अलीकडे, मजल्यावरील मंडळींची परवानगी घेऊन एक पसरट प्लास्टिकची पाटी माती घालून ठेविली. मोत्या उठला कीं त्याला उचलून तेथें न्यावयाचें. खाल्लें कीं न्यावयाचें. खेळला कीं न्यावयाचें. आणि जागा असेपर्यंत एरवींही दर तासा-दीड तासानें न्यावयाचें. तेथें गप्प उभें राहावयाचें. काम झालें कीं त्याच क्षणीं, त्याच जागीं, पनीराचा हरभऱ्याएवढा तुकडा आणि शाबासकी. घरांत परत आल्यावर दिलेलें बक्षीस त्याला घरांत आल्याबद्दल मिळालें असें वाटतें. हीही बाईंचीच सूचना. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनीं कुत्र्यांवर केलेले प्रयोग सर्वांस ठाऊक आहेत. खुणेची आणि फळाची गांठ पडण्यास वेळेचें अंतर कमी लागतें, हें त्यांतलें सार एका पनीराच्या तुकड्यानें आम्हांस पटलें.

पहिल्या दिवशीं आम्ही पाटीपाशीं पावसाच्या झडींत पंधरा मिनिटें उभे राहिलों. मोत्या माती उकरीत बसला आणि घरांत येतांच उंबरठ्यावर मोकळा झाला. आमचा धीर सुटत चालला होता. तेव्हां सौभाग्यवती पदर खोंचून बाहेर आल्या, त्यांनीं मोत्याला पाटींत ठेविलें आणि तोंडानें हळूच "शूऽ शूऽ" असा आवाज काढला. दोन मिनिटांत काम झालें. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, यांत नवें तें काय? आपल्या बाळाला पायांवर धरून असेंच नाहीं का शिकवलें? दूध पाजल्यावर किती वेळानें धरायचें, हें कुठल्या आईला सांगावें लागतें?" आमच्या तोंडून शब्द निघेना. त्या वेळीं आम्ही बहुधा दुसऱ्या खोलींत पेपर तपाशीत असूं. परळच्या बाईंनीं शास्त्र म्हणून जें सांगितलें, तें आमच्या घरांत पूर्वींपासून होतें. आम्हांसच तें कधीं शिकावें लागलें नव्हतें. आम्ही ज्याला शिस्त म्हणत होतों, ती घाण झाल्यानंतर सुरू होत असे. त्यांची शिस्त घाण होण्याच्या आधीं सुरू होई.

आहाराचाही यांत संबंध आहे. आम्ही मोत्याला दूध-पोळी देत होतों. आईचें दूध सुटल्यावर पुष्कळ पिलांना गाईचें दूध पचत नाहीं आणि पोट ढाळतें. मग वेळापत्रक काय करणार? डॉक्टरीणबाईंनीं दूध बंद करून पिलाला मानवेल असें खाणें व उकडलेलें अंडें सांगितलें. अंडें आमच्या घरांत पूर्वीं कधीं आलें नव्हतें. तें गॅलरींत निराळ्या शेगडीवर, निराळ्या पातेल्यांत नात उकडते, आणि आजी त्या वेळीं पाठ करून तांदूळ निवडते. खाण्याच्या वेळा ठरल्या, तशा बाहेर जाण्याच्या वेळाही आपोआप ठरत गेल्या. पाणी मात्र मुंबईच्या उकाड्यांत कधीं तोडूं नये.

आतां राहिला प्रश्न, आपलें लक्ष नसेल तेव्हां काय करावयाचें. यासाठीं पाश्चात्य देशांत पिलाला पिंजऱ्याची संवय लावतात. आपल्याकडे कुत्रा म्हटला कीं गळ्यांत साखळी, ही पद्धत. पिंजरा हा शब्द ऐकतांच आमच्या नातीच्या डोळ्यांत पाणी आलें. तिचें समाधान व्हावें म्हणून आम्हीं प्रथम हापूस आंब्याची रिकामी लांकडी पेटी आडवी करून त्याला दिली. ती चूक ठरली. पेटी अपुरी होती, खिळे वर आलेले होते, आणि तिच्यांत वारा खेळत नव्हता. मग क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूस जाऊन सर्व बाजूंनीं तारांचा पिंजरा आणला. त्याचें माप असें असावें कीं, पिलाला मान न वांकवितां उभें राहतां यावें, वळतां यावें आणि पाय ताणून निजतां यावें. त्याहून मोठा असल्यास तें एका कोपऱ्यांत निजतें आणि दुसऱ्या कोपऱ्यांत घाण करतें. म्हणून मोठा पिंजरा घेऊन मध्यें फळी घालावी व पिलूं वाढेल तशी ती मागें सरकवावी.

पहिले तीन दिवस आम्हीं पिंजऱ्याचें दार दोरीनें उघडें बांधून ठेविलें होतें. आंत आजीच्या जुन्या लुगड्याची घडी. खाण्याची वाटी आधीं दाराशीं, मग मध्यें, मग अगदीं आंत. चौथ्या दिवशीं तो खात असतां दार लावलें आणि वाटी रिकामी होतांच उघडलें. मग पांच मिनिटें, दहा मिनिटें, अर्धा तास, असें वाढवीत नेलें. आंत जातांना गळ्यांतील पट्टा काढावा, म्हणजे तारेंत अडकून फांस बसण्याचें भय राहत नाहीं. पिंजरा उन्हांत किंवा बंद कोपऱ्यांत ठेवूं नये. झांकणें तर तीनच बाजूंनीं, तेंही पंखा चालूं असतां. लहान पिलाला दिवसा दोन तासांहून अधिक वेळ आंत ठेवूं नये. आंत घाण करण्याची पाळी त्याच्यावर एकदां, दोनदां, तीनदां आली, तर स्वच्छ अंथरुणाची त्याची उपजत बुद्धि मरते आणि मग पिंजरा निरुपयोगी होतो. आणि शिक्षा म्हणून तर त्यांत कधींही घालूं नये. स्वीडन व फिनलंड या देशांत कुत्र्याला घरीं पिंजऱ्यांत कोंडून ठेवण्यावर कायद्यानेंच निर्बंध आहेत. आपल्याकडील १९६० च्या कायद्याप्रमाणेंही, हालचाल करतां येणार नाहीं एवढ्या लहान पिंजऱ्यांत प्राणी ठेवणें किंवा आंखूड साखळीनें त्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणें, ही क्रूरता ठरते.

रात्रीं पिंजरा आमच्या खाटेशेजारीं असे. दोन महिन्यांचें पिलूं सबंध रात्र दम धरूं शकत नाहीं. म्हणून एक वाजतां आणि चार वाजतां त्याला न्यावें लागे. वयोमानाप्रमाणें आम्हांसही रात्रीं उठावें लागतेंच, तेव्हां दोघांची जोडी बरी जमली. तो कुईं कुईं करूं लागला तर आधीं वेळ पाहावी. वेळ झाली असेल तर न्यावें, न बोलतां न खेळवितां परत आणावें. वेळ झाली नसेल तर तारेवर हात ठेवून पडून राहावें. आमच्या बोटांना नाक लावून तो झोपी जाई. तिसऱ्या आठवड्यापासून एक वाजतांचें उठणें बंद झालें.

घरांत घाण झालीच, तर नुसत्या फिनेलनें भागत नाहीं. आपल्याला फिनेलचा वास येतो; कुत्र्याला त्याच्याखालचा जुना वास येत राहतो आणि तो तेथेंच परत जातो. शिवाय पिलूं पाय चाटतें, त्यामुळें फिनेल त्याला बाधकही आहे. प्रथम टिपून घ्यावें, मग एन्झाइम असलेल्या साबणाच्या पाण्यानें पुसावें आणि जागा नीट कोरडी होईपर्यंत पिलाला तेथें येऊं देऊं नये.

पहांटे चार वाजतां गॅलरींत पिलाची वाट पाहत उभें राहिलें, म्हणजे मनांत नको त्या आठवणी येतात. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं पांचवीच्या वर्गांत आम्ही शब्द चालवून घेत होतों. एका मुलानें करंगळी वर केली. मुलें तास चुकविण्यासाठीं असें करितात, असा आमचा अनुभव होता. "बस खालीं," असें आम्हीं म्हटलें. त्यानें थोड्या वेळानें पुन्हां करंगळी वर केली. आम्हीं पाहून न पाहिल्यासारखें केलें. तिसऱ्या वेळीं त्याला हात वर करण्याची गरज राहिली नव्हती. वर्ग हंसला आणि वर्ग घाण केला म्हणून आम्हीं त्याला दोन छड्या मारल्या. तो चार दिवस शाळेंत आला नाहीं. आला तेव्हां मागच्या बांकावर बसूं लागला आणि वर्षभर त्यानें आमच्या तासाला कोणत्याच कारणासाठीं हात वर केला नाहीं. तो सुधारला, असें आम्ही त्या वेळीं समजलों. ट्रंकेमागें लपणाऱ्या मोत्याला पाहिल्यावर त्या मागच्या बांकाचा अर्थ आम्हांस कळला.

महाभारताच्या आरंभींच एक कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत सरमा नांवाच्या देवलोकींच्या कुत्रीचें पिलूं येतें. राजाचे भाऊ त्याला मारतात. तें रडत आईकडे जातें आणि सांगतें कीं, मीं हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं, त्याला जीभ लावली नाहीं. सरमा सत्रांत येऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाहीं. तेव्हां ती म्हणते कीं, निरपराध्याला मारलेंत, म्हणून तुमच्यावर न दिसणारें भय येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या प्रारंभीं विनाकारण मार खाल्लेलें एक पिलूं आणि शेवटीं स्वर्गाच्या दाराशीं धर्मराजाबरोबर उभा असलेला एक कुत्रा आहे. ही कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली आणि ती सांगतांना छडी टेबलावरच असे.

नागपंचमी आली. त्या महिन्याच्या आमच्या वहींत घरांतील घाणीचे आंकडे तीन, दोन, एक असे उतरत गेलेले आहेत, आणि शेवटच्या आठवड्यांत दोनच नोंदी आहेत. त्या दिवशीं दुपारीं आम्ही पडलों होतों. बाहेरून काकूंची हांक आली, "अहो मास्तर, उठा. तुमचा मोत्या दाराशीं गोल गोल फिरतोय. त्याला जायचंय!" आम्ही लगबगीनें उठेपर्यंत त्यांनींच दाराची फळी बाजूला केली होती आणि मोत्या पाटीकडे धांवत होता. काकू तुळशीपाशीं उभ्या राहून त्याचें काम होईपर्यंत पाहत होत्या. मग म्हणाल्या, "शहाणा आहे." मजल्यावरील मंडळी पुन्हां त्या विषयावर बोलावयास आली नाहींत.

भाद्रपदांत शेवटची लस झाली आणि मोत्या जिना उतरून रस्त्यावर चालूं लागला. आतां पाटीची गरज उरली नाहीं. बाहेर नेतांना आमच्या हातांत जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे असतात. पूर्वीं त्याचीच सुरळी करून आम्हीं त्याला मारलें होतें. आतां त्यांतच त्याची घाण उचलून कचऱ्याच्या डब्यांत टाकतों. रस्ता हाही सर्वांची मिळून एक गॅलरीच आहे. महानगरपालिकेचा परवाना काढला आहे आणि रेबीजची लस दर वर्षीं टोंचून घ्यावयाची आहे. दिवाळींत फटाक्यांच्या आवाजानें घाबरून त्यानें खोलींत एकदां घाण केली. नात फडकें घेऊन आली, आम्हीं साबणाचें पाणी आणलें आणि वहींत नोंद केली. कोणी कांहीं बोललें नाहीं.

पिंजरा आणि पांजरपोळ या दोन्ही शब्दांच्या मुळाशीं 'पंजर' हा एकच शब्द आहे. एकाचा अर्थ आपण कोंडणें असा करितों, दुसऱ्याचा आसरा असा. नातीनें पिंजऱ्यावर एक पुठ्ठा लावून 'मोत्याची खोली' असें लिहिलें आहे. दार आतां कधींच लावलेलें नसतें. गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजूं लागले, कीं तो आपण होऊन आंत जातो आणि लुगड्याच्या घडीवर नाक ठेवून पडून राहतो.

ज्यांच्या घरीं मुलांनीं पिलासाठीं हट्ट धरला असेल, त्यांनीं होकार देण्यापूर्वीं मुलांना एकच प्रश्न न विचारतां स्वतःस विचारावा, कीं पहांटे चार वाजतां कोण उठणार? या प्रश्नाचें उत्तर मिळालें असेल तर बाकीचें सर्व शिकतां येतें. आम्ही तें साठी उलटल्यावर शिकलों.